मावशी बाहेर थांबल्या होत्या

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात एका कॉलवर होतो. कॉलवर असताना फोन पालथा ठेवायची माझी सवय आहे, आणि ही सवय किती चांगली हे मी टीममधल्या मंडळींना वरचेवर ऐकवतही असतो. फोन तीनदा थरथरला. चौथ्यांदा उचलला तेव्हा पलीकडे एस्तेर होती, फ्लोरामावशींची मुलगी, लीड्सहून. एस्तेर इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचं मराठी आईशी बोलण्यापुरतं, माझ्याशी ती नेहमी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मात्र तिला मराठीच सुचलं. "अभय, आई गेला… मी फ्रायडेचा फोन केला, तिने उचलला नाही. नेक्स्ट डोअर मिसेस कौरकडे घराची की असते. ती आत गेली." मी विचारलं, "कधी झालं?"  एस्तेर म्हणाली, "आय डोन्ट नो. कोणालाच माहीत नाही."

ते 'कोणालाच माहीत नाही' गेले काही आठवडे माझ्या मानगुटीवर बसलं आहे. माणूस गेल्यावर चार चांगल्या आठवणी लिहाव्यात, वाचणाऱ्याचे डोळे जरा ओलावावेत आणि आपण मोकळं व्हावं, अशी एक रीत असते. मला तसं मोकळं होता येईल असं वाटत नाही. तरी लिहितो, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

फ्लोरा नवगावकर या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजातल्या. वाढल्या भायखळ्याला, आणि नर्सिंग शिकून ऐन विशीत लंडनला आल्या त्या परत गेल्या नाहीत. इल्फर्डमधल्या एकाच घरात त्यांचा सगळा जन्म गेला. त्यांच्या समाजातले इथले बहुतेक लोक आता घरीही इंग्रजीच बोलतात, पण मावशींचं मराठी भायखळ्याहून निघताना जसं होतं तसं राहिलं होतं. मी त्यांना पहिल्यांदा 'आंटी' म्हणालो तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आंटी म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. तू मावशी म्हण. कोणी म्हणत नाही मला." मी पुण्याचा, नव्यानेच आलेला, आणि समोर ही बाई शाबथ आणि शेवयांची खीर एकाच वाक्यात बोलत होती. मी आपला मुकाट्याने मावशी म्हणायला लागलो.

आमची ओळख झाली ती एका ट्रस्टमुळे. डॉक्टर खरवंडीकर आणि त्यांच्या पत्नी, दोघंही इल्फर्डचे, मूलबाळ नाही. बाई आधी गेल्या आणि डॉक्टर पुढची काही वर्षं स्वयंपाकघरात एकटे बसून जेवले. त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या सिस्टर फ्लोरा आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जायच्या आणि समोर बसून तो संपवून घ्यायच्या. डॉक्टरांनी राहतं घर आणि होतं नव्हतं ते सगळं एका फाउंडेशनला दिलं आणि इच्छापत्रात लिहिलं, की पूर्व लंडनमधल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना एकट्याने जेवावं लागतं त्यांच्यासाठी हे पैसे आहेत. पुढे एक अट घातली: मुद्दलाला कधीही हात लावायचा नाही. घर विकून आलेली रक्कम धर्मादाय संस्थांसाठीच्या एका फंडात गुंतवली गेली, आणि त्यावर दर तिमाहीला जो लाभांश येतो तेवढाच आम्ही विश्वस्त मदत म्हणून वाटत आलो. मी फायनान्समधला, म्हणून मला विश्वस्त केलं. मावशी विश्वस्त होत्या कारण डॉक्टर एकटे कसे जेवत होते हे त्यांना माहीत होतं.

वर्षातून चार मीटिंग, नेहमी रविवारी अकराला. शनिवार मावशींमुळे बाद. "आम्ही शनवार तेली," त्या म्हणायच्या, "आमचा घाणा शनिवारी बंद." जागा म्हणजे इल्फर्डच्या एका कम्युनिटी सेंटरमधली वरच्या मजल्यावरची खोली. आम्ही चौघं विश्वस्त: मावशी, मी, ग्लासगोचे डॉक्टर इनामदार, जे लॅपटॉपच्या पडद्यावरून हजर असत, आणि नागपूरची नीलिमा, जी स्लाउला राहते आणि आमच्यात एकटीच वेळेवर येते. शरद ऋतूतल्या मीटिंगला मावशी चिकाचा हलवा आणायच्या, त्यांच्या नव्या वर्षाचा. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध तासन् तास घोटून केलेला, वड्या पाडलेला. डॉक्टर इनामदार पडद्यावरून हळहळत बसायचे आणि मावशी मुद्दाम वडी कॅमेऱ्याजवळ नेऊन खायच्या.

मदत मागणारे अर्ज मी वाचायचो. बजेट, उद्दिष्टं, परिणाम, असं सगळं व्यवस्थित तक्त्यात मांडून मी गुण द्यायचो, आणि त्या तक्त्याचा मला अभिमान होता. मावशी अर्ज वाचायच्या नाहीत. त्या पिशवी घेऊन न सांगता त्या संस्थेत जाऊन बसायच्या, दिलं ते जेवायच्या, मांस असलं तर फक्त भाज्या, आणि येताना तिथला संडास बघून यायच्या. "स्वयंपाकघर सगळेच दाखवतात रे. म्हाताऱ्या माणसाला दहा वेळा जावं लागतं, तिथे धरायला दांडा आहे का, ते बघ." एकदा माझ्या तक्त्यात पहिल्या आलेल्या संस्थेला त्यांनी एका वाक्यात बाद केलं. "तिथे माणसं कोट घालून जेवतात. हीटिंग लावत नाहीत मेले." मी चिडलो, म्हणालो, अशा गोष्टींना आपल्याकडे रकाना नाही. त्या म्हणाल्या, "मग काढ की रकाना." रकाना काढला. अजून आहे.

गुंतवणुकीतही त्या असंच डोकं घालायच्या. फंडाचा माणूस वर्षातून एकदा गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका घेऊन यायचा आणि बाण वर गेलेले दाखवायचा. एका वर्षी मावशींनी त्याला विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण आपण नक्की मालक कशाकशाचे आहोत?" तो हसला. त्याने नंतर यादी पाठवली, बारीक टायपातली, कित्येक पानांची, आणि मावशींनी ती भिंग घेऊन तीन दिवसांत वाचून काढली. सट्टा लावून घेणारी एक कंपनी त्यांना सापडली. त्यांचे यजमान सॉलोमन यांचा पगार वर्षानुवर्षं घोड्यांवर गेलेला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही फार आवाज न करता. "ह्या दुकानातनं आलेल्या पैशाचं जेवण मी लोकांना वाढणार नाही," एवढंच म्हणाल्या. दुसरा फंड होता, अशा कंपन्या टाळणारा, पण त्यातून लाभांश थोडा कमी येत होता. मी लगेच कॅल्क्युलेटर काढून किती ताटं कमी होतील ते सांगितलं. माझं गणित बरोबर होतं. मावशींनी ते शांतपणे ऐकलं, आणि मतदानात मी एकटा पडलो. मग त्यांनीच ओळखीच्या बेकरीवाल्याकडून उरलेला ब्रेड मिळवून दिला आणि ताटं कमी होऊ दिली नाहीत. बेकरीवाल्याला माझ्या तक्त्यात कुठे बसवावं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता त्या नियमाबद्दल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. फार पूर्वी मावशींच्या सिनेगॉगशी संबंधित एका डबा योजनेचा अर्ज आला होता. विषय निघाल्याबरोबर मावशी उठल्या, कोट उचलला आणि बाहेर निघाल्या. नीलिमा म्हणाली, "अहो, कुठे निघालात?" "आमच्या लोकांचा अर्ज आहे. मी इथे बसले तर तुम्ही नाही कसं म्हणाल?" बाहेरच्या पॅसेजमध्ये रेडिएटरजवळ एक खुर्ची होती, त्यावर जाऊन बसल्या. निर्णय झाल्यावर मी दार उघडून म्हणालो, "मावशी, या." आत आल्या, काय ठरलं ते विचारलंही नाही, नोटीस बोर्डावर काय वाचलं तेच सांगत बसल्या. मीटिंग संपताना मला म्हणाल्या, "हे असं तोंडी नको. लिहून काढ. उद्या मी मेले, तुम्ही बदललात, तरी चालू राहिलं पाहिजे." मी लिहून काढलं. एक नमुना मिळवला, त्यात आमचं नाव घातलं, दोन पानांचा हितसंबंधांचा नियम तयार केला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. विषयाशी स्वतःचा संबंध असेल त्या विश्वस्ताने बाहेर जायचं, आणि तो मतदानात धरला जाणार नाही. तेव्हापासून कोणी ना कोणी कधी ना कधी त्या खुर्चीत बसलं आहे, पण सर्वांत जास्त मावशीच. पुढे त्यांनी घरून एक निळी उशी आणून सेंटरच्या कपाटात ठेवली. आमच्या रविवारी सेंटरचा केअरटेकर कॉलिन न सांगता ती उशी त्या खुर्चीवर मांडून ठेवायचा. "शाळेत सुद्धा मला एवढं बाहेर काढलं नव्हतं," असं त्या म्हणायच्या आणि खूश असायच्या.

मग त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, बसस्टॉपपर्यंत चालणं संपलं. आमच्याच मदतीवर चालणारा एक बुधवारचा जेवणाचा क्लब आहे, चर्चच्या हॉलमध्ये. पॅम नावाची बाई तो चालवते. ज्यांना चालवत नाही त्यांना आणायला एक मिनीबस, तिचा आणि टोनी ड्रायव्हरचा खर्च आमच्या लाभांशातून. इतकी वर्षं ज्या क्लबला मावशींनी पैसे दिले, संडासातला दांडा बसवायला लावला, तिथे आता त्या स्वतः जेवायला जाऊ लागल्या. मला फोनवर म्हणाल्या, "डाळ पातळ आहे. पण बरोबर माणसं आहेत." टोनी बरोबर दहाला घंटी वाजवायचा. दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवायचा आणि तरीही नाही उघडलं तर शेजारी मिसेस कौरकडे विचारायचा. ही त्याची पद्धत होती, सगळ्यांच्याच बाबतीत. तो कोणालाही न बघता पुढे जात नसे.

या फेब्रुवारीतल्या मीटिंगमध्ये बसच्या मदतीचं नूतनीकरण हा तिसरा विषय होता. नीलिमाची आई नागपूरला अचानक आजारी पडली म्हणून ती तिकडे गेलेली. खोलीत मी आणि मावशी, पडद्यावर डॉक्टर इनामदार. मी विषय वाचला आणि मावशींनी काठी शोधायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "अहो मावशी, बसा हो. बसमधली एक सीट, त्यात कसला आलाय इंटरेस्ट?" मावशी म्हणाल्या, "सीट माझी आहे म्हणजे इंटरेस्ट आहेच की, डॉक्टर." त्यांना उठायला आता वेळ लागायचा. मी हात दिला, कोट खांद्यावर टाकला, त्यांना बाहेर खुर्चीत नेऊन बसवलं आणि दार लावून परत आलो. लॅपटॉपसमोर बसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं. निर्णयाला कमीत कमी तीन विश्वस्त लागतात. आम्ही दोघंच उरलो होतो.

डॉक्टर म्हणाले, "मग बोलव त्यांना आत."

"आत आल्या तरी त्यांना धरता येत नाही. बाहेर बसल्या तर आपला कोरम नाही."

"नीलिमाला फोन लाव."

"ती हॉस्पिटलमध्ये आहे आईपाशी. तिला आत्ता बसबद्दल विचारू?"

"तेही खरंच. बरं, दोन आठवड्यांनी स्पेशल मीटिंग घे. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचंच काम होतं. मी इतिवृत्तात लिहिलं, विषय पुढे ढकलला, खास मीटिंग अभय ठरवेल. दार उघडून म्हणालो, "मावशी, या." त्या आल्या आणि म्हणाल्या, "खाली टॅप डान्सिंग सुरू होतंय, साठीच्या वरच्यांना फ्री. मी नाव घालू काय?" आम्ही तिघंही हसलो. काय ठरलं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढच्या विषयाला लागलो.

खास मीटिंगसाठी मी एक मेल पाठवली, तीन तारखा दिल्या. नीलिमाला तीनपैकी एकही जमेना. तिने तसं कळवलं आणि विचारलं, दुसऱ्या कुठल्या चालतील? त्या मेलचं उत्तर मी दिलं नाही. आमचा एक प्रोजेक्ट त्याच महिन्यात लाइव्ह जाणार होता, आणि त्या दिवसांत मला बायकोचाही वाढदिवस दोन दिवस उशिरा आठवला, एवढंच माझं स्पष्टीकरण आहे. ते लिहून बघितलं तर फारच पोकळ दिसतं. मार्चअखेर जुनी मदत संपली. पॅमने लिहिलं, की पुढचं काही कळलं नाही तर टोनीला ठेवता येणार नाही. मी तिला उत्तर दिलं, आणि ते मात्र तत्परतेने: विषय विश्वस्तांच्या विचाराधीन आहे. एप्रिलमध्ये बस बंद झाली.

एप्रिलमध्येच एकदा मावशींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, एस्तेरच्या मुलाची परीक्षा, मिसेस कौरने दिलेलं लोणचं. मग म्हणाल्या, "आता बुधवारी बस येत नाही रे." मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, मला माहीत आहे. जूनच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तोच घेतो, नक्की." त्यांनी मला मध्येच तोडलं. "ते मला सांगू नकोस. त्या विषयात मी बाहेर आहे ना? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस." मी म्हणालो, टॅक्सी करून जा, पैसे मी देतो, माझे, ट्रस्टचे नाहीत. "एकटी टॅक्सीने जाऊन काय करू? बाकीच्या बायका घरीच आहेत, मी कोणाबरोबर जेवू?" मग हसल्या. "सवय बघ कशी असते… बुधवार आला की अजून कोट घालून बसते. दहा वाजून गेले की काढते." मीही हसलो. माझी हसण्याची वेळ चुकली होती, हे मला आता कळतं. त्यांनी त्यांच्या परीने जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं होतं. मागता मात्र त्यांना येत नव्हतं, कारण न मागण्याचा नियम त्यांनीच माझ्याकडून लिहून घेतला होता.

त्यांच्यात दफन शक्यतो दुसऱ्याच दिवशी करतात, पण एकट्या घरात गेल्यामुळे कागदपत्रांना वेळ लागला आणि ते मंगळवारी झालं. त्यानंतर सात दिवस घरचे लोक शोकात बसतात आणि भेटायला येणारे येतात. मी सुपरमार्केटमधून पांढरी फुलं घेऊन गेलो. दारात एस्तेरच्या आतेबहिणीने ती बघितली आणि हळूच सांगितलं, आमच्याकडे फुलं आणत नाहीत. इतकी वर्षं मावशींच्या हातचं खाल्लं, आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं. फुलं घेऊन मी पॅसेजमध्ये उभा राहिलो, ठेवावीत कुठे ते कळेना. आत आरसे झाकलेले होते. एस्तेर बुटक्या स्टुलावर बसली होती. मी शेजारी बसलो तेव्हा ती इंग्रजीत बोलू लागली आणि मध्येच मराठीत आली. "मिसेस कौर म्हणते, आई हॉलमध्ये होती, दाराजवळच्या चेअरवर. कोट घातलेला होता. तिला कुठे जायचं होतं, अभय? तुला माहीत आहे?"

मला माहीत होतं. त्या घरात ते माहीत असणारा मी एकटाच होतो. मी म्हणालो, नाही. नंतर, दफनभूमीत तिच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं सांगितलं, बस, मीटिंग, मेलचं मी न दिलेलं उत्तर, सगळं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. थडग्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे एक खडा ठेवला, दुसरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ठेव." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर इनामदारांना मी फोन केला. कोट होता म्हणजे बुधवार होता, म्हणजे दहाच्या आसपास, म्हणजे टोनी आला असता तर… मी एका दमात बोलून टाकलं. ते डॉक्टर आहेत, अशा प्रश्नांची त्यांना सवय असणार. म्हणाले, "अभय, हार्ट होतं. तो दारात उभा असता तरी कदाचित काही झालं नसतं. सांगता येत नाही."

"पण बुधवारीच कळलं असतं."

ते म्हणाले, "हो. बुधवारी कळलं असतं."

जूनच्या मीटिंगची तयारी करताना मी तो नियम पुन्हा काढला. आता त्यात काहीतरी बदल करायला हवा, असं डोक्यात होतं. पहिलं पान मला पाठ होतं. दुसरं पान सह्यांचं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. सह्यांच्या वर एक परिच्छेद होता. विश्वस्ताला मिळणारा लाभ किरकोळ असेल आणि तोच इतर लाभार्थींनाही मिळत असेल, तर बाकीच्या विश्वस्तांच्या संमतीने त्याला बैठकीत थांबता येईल आणि कोरमसाठी धरता येईल. मी स्वतः टाइप केलेलं होतं, नमुन्यातून उतरवताना, न वाचता. डॉक्टरांनी त्या दिवशी पडद्यावरून जे म्हटलं होतं, 'बसा हो मावशी', तीच ती संमती होती. मी हो म्हणायला हवं होतं. पान उलटलं असतं तर मावशींना काठी शोधायची सुद्धा गरज नव्हती. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो आणि मग फायलीत परत ठेवला, कारण त्याचं आणखी काय करायचं ते मला सुचलं नाही.

मीटिंगला डॉक्टर इनामदार पहिल्यांदाच ग्लासगोहून ट्रेनने आले. नीलिमाही होती. बरोबर तिघं. फंडाचा अहवाल आला होता. बाण वर गेलेले होते, तिमाही चांगली गेली होती, डॉक्टर खरवंडीकरांचं मुद्दल कधी नव्हे इतकं भक्कम होतं. मी ते वाचून दाखवलं, आणि मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. दोन पानी नियम आणि तो परिच्छेदही मी दोघांसमोर ठेवला. नीलिमाने तो वाचला आणि चष्मा काढून पुसत बसली. मग पहिला विषय, बस. चार मिनिटं लागली. मंजूर. पॅमने आधीच कळवलं होतं, की टोनी आता शाळेच्या बसवर लागला आहे, ती दुसरा कोणी शोधेल, आणि क्लबातल्या काही जणी आता फोन उचलत नाहीत, त्यांच्याकडे स्वतः जाऊन यावं लागेल. मी इतिवृत्तात 'मंजूर' लिहिलं, पेन खाली ठेवलं, उठलो आणि दार उघडलं.

का उठलो ते मला सांगता येणार नाही. बसचा विषय संपला की उठायचं आणि दार उघडायचं, एवढंच अंगात होतं. पॅसेजमध्ये रेडिएटरजवळ खुर्ची होती, आणि खुर्चीवर निळी उशी. कॉलिनला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आमचा रविवार म्हणून त्याने नेहमीप्रमाणे मांडून ठेवली होती.

"मावशी, या," मी म्हणालो. म्हणून गेलो.

 आतून नीलिमा हलक्या आवाजात म्हणाली, "अभय, पुढचा विषय घेऊ या." मी जागेवर येऊन बसलो. दार मात्र माझ्याने लावलं गेलं नाही, आणि त्या दोघांनीही लाव म्हटलं नाही. मीटिंग संपेपर्यंत ते तसंच उघडं होतं.